न्यायालयाचे दुसरे दार

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याची पाश्चात्त्यांची चाल आपल्याकडील न्यायमंदिरांनीही पुष्कळ वर्षे पाळली. डोळ्यांनी पाहिले तर पक्षपात होईल, म्हणून तिने केवळ ऐकावे आणि तोलावे, असा त्या पट्टीचा अर्थ सांगितला जातो. परंतु हीच देवता मानवी देह धारण करून मध्य प्रदेशातील दिवाणी न्यायाधीशाच्या जागेसाठी अर्ज करावयास आली असती, तर काही वर्षांपूर्वी तिला परीक्षेच्या दालनाबाहेरच थांबावे लागले असते. त्या राज्याच्या न्यायिक सेवेतील भरतीच्या नियमांत ६-अ या क्रमांकाचा एक नियम होता आणि त्याने दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांस ही सेवा बंद केली होती. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहिले. ते पत्रच २०२४ साली याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले आणि ३ मार्च २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने तो नियम, दृष्टिहीनांस वगळण्यापुरता, रद्द ठरविला. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणासही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

हा निर्णय काही जगावेगळा नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात झॅक याकूब हे दृष्टिहीन न्यायाधीश १९९८पासून २०१३पर्यंत बसले आणि त्या देशाच्या नव्या राज्यघटनेचा अर्थ लावण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा दृष्टी नसताना न्याय करता येतो काय, हा प्रश्न आता शिळा झाला आहे. उरतो तो दुसरा आणि अधिक रोकडा प्रश्न. उद्या जबलपूरच्या एखाद्या न्यायालयात दृष्टिहीन न्यायाधीश आसनावर बसले, किंवा दृष्टिहीन वकील उभे राहिले, तर त्यांनी कागद वाचावयाचे कसे?

जबलपूरचे नाव घेतले की लोकांस भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. परंतु राज्यातील पक्षकारांच्या लेखी जबलपूर म्हणजे हायकोर्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे अखेरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. या शहराचा मराठी संबंध त्याहून जुना. १८१७पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या न्यायालयाच्या इमारतीचे दार सर्वांस ठाऊक आहे. परंतु आजचा वकील त्या दारातून आत जाण्यापूर्वी दुसऱ्याच एका दारातून जाऊन आलेला असतो. उद्या आपला खटला कोणत्या दालनात, कितव्या क्रमांकावर आहे, हे तो आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर पाहतो. दावा तेथूनच दाखल होतो, आदेशाची प्रत तेथूनच मिळते. इमारतीच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला नाही, तर तो दोष येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतो. या दुसऱ्या दाराच्या पायऱ्या मात्र डोळस माणसास दिसतच नाहीत. आणि म्हणूनच त्या तशाच राहतात.

दृष्टिहीन मनुष्य संगणक वापरतो तो कसा, हे पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. ब्रेल लिपीची माहिती सर्वांस असते. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरली, आणि आज ब्रेलचे उठाव क्षणोक्षणी बदलणारी यांत्रिक पट्टीही मिळते. पण ती महाग. बहुसंख्य लोकांचा आधार म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली. तिच्यापैकी काही विकत घ्याव्या लागतात. एनव्हीडीए नावाची एक मात्र विनामूल्य आहे. मायकेल करन व जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी तिचे काम २००६ साली सुरू केले. परक्याने दया म्हणून काही करावे आणि गरजवंताने ते मुकाट्याने घ्यावे, असा प्रकार येथे झाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ही प्रणाली मराठीही वाचते. आवाज थोडा यांत्रिक असतो, पण सरावलेला वापरणारा त्याची गती इतकी वाढवून ठेवतो की शेजारी बसलेल्यास एकही शब्द उमगू नये.

आता ही प्रणाली पडदा ‘पाहत’ नाही. पडद्यामागे जी संहिता लिहिलेली असते ती वाचते. सारे मर्म येथे आहे. एखाद्या पानावर ‘आजचे आदेश’ हे शब्द मोठे आणि ठळक दिसतात. डोळ्यास ते शीर्षक वाटते. पण बनविणाऱ्याने ते केवळ अक्षरे मोठी करून रंगविले असतील आणि संहितेत शीर्षक म्हणून नोंदविले नसेल, तर यंत्रास ते इतर मजकुरासारखेच एक वाक्य. शीर्षके नीट नोंदविली असतील, तर दृष्टिहीन वाचक एक कळ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उड्या घेतो, जसा डोळस वाचक वर्तमानपत्रातील मथळ्यांवरून नजर फिरवितो. ती नसतील, तर त्याला सारे पान पहिल्या अक्षरापासून ऐकत बसावे लागते. दुव्यांचेही तसेच. पानावर वीस ठिकाणी ‘येथे टिचकी मारा’ असे लिहिले असेल आणि त्याने दुव्यांची यादी मागविली, तर त्याच्या कानी वीस वेळा ‘येथे टिचकी मारा’ एवढेच पडते. कोठे आणि कशासाठी, हे डोळे असणाऱ्यालाच कळावे अशी ती रचना!

उद्याच्या खटल्यांच्या यादीचे उदाहरण याहून बोलके आहे. यादी म्हणजे एक कोष्टक. अनुक्रमांक, खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, दोन्ही बाजूंचे वकील. डोळस वकील बोट खाली सरकवीत जातो आणि आपले नाव दिसताच थांबतो. वरच्या ओळीतील मथळा आणि डावीकडील क्रमांक त्याच्या नजरेत एकाच वेळी असतात. कानाने वाचणाऱ्यास ही सोय नाही. त्याच्यासाठी प्रत्येक रकान्याचा मथळा संहितेत ‘हा मथळा आहे’ असा नोंदवावा लागतो. तसे केले की तो एका घरातून दुसऱ्या घरात जाताच यंत्र त्याला सांगते: अनुक्रमांक सदतीस, वादीचे वकील अमुक, प्रतिवादीचे वकील तमुक. हे न केल्यास त्याच कोष्टकातून नावांची आणि आकड्यांची एक न संपणारी माळ बाहेर पडते. कोण वादी, कोण वकील, कशाचाही पत्ता नाही. काही शब्दांची ही नोंद. तिला लागणारा वेळ मिनिटांचा. ती नसल्यास तासन्‌तास वाया जातात, आणि जातात ते ज्याच्यापाशी पर्याय नाही त्याचे.

यांहूनही अवघड पायरी म्हणजे छायाप्रत. आदेश संगणकावर टंकलिखित होतो, कागदावर छापला जातो, त्यावर सही व शिक्का उमटतो, आणि मग त्या कागदाचे चित्र काढून ते संकेतस्थळावर चढविले जाते. डोळ्यास दोन्ही सारखेच. परंतु पहिल्या रूपात अक्षरे होती, दुसऱ्यात केवळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चित्र उरले आहे, आणि चित्रापुढे पडदावाचक मुका होतो. चित्रातून अक्षरे ओळखणारी यंत्रे आता आहेत खरी. पण अक्षरांवर आडवा शिक्का बसला की त्यांची तारांबळ उडते, आणि खटल्याच्या कागदात एक ‘नाही’ गळून पडला तर त्याचे परिणाम काय होतील हे सांगावयास नको.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने या प्रश्नाकडे लक्ष दिले. न्या. धनंजय चंद्रचूड त्या समितीचे अध्यक्ष असताना, डिसेंबर २०२०मध्ये सर्व उच्च न्यायालयांस पत्र गेले, आणि त्यांची संकेतस्थळे अपंगांस वापरता येतात की नाही हे सहा कसोट्यांवर तपासण्याचे ठरले. निकाल, खटल्याची स्थिती व दैनिक यादी यांपर्यंत पोहोचता येते काय. रंगांतील फरक पुरेसा आहे काय. अक्षरे मोठी करता येतात काय. पडदावाचक चालतो काय. अशा त्या कसोट्या. पहिल्या तिन्ही कसोट्या वकिलाच्या रोजच्या कामाच्या आहेत, ही त्यातील जाणतेपणाची खूण.

मध्य प्रदेशासारख्या राज्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती मराठी माणसासही परकी नाही. खालच्या न्यायालयांचे कामकाज तेथे हिंदीत चालते. नागरी लिपीचे टंकलेखन संगणकावर आले तेव्हा जे फाँट रूढ झाले, त्यांत कृतिदेव हा उत्तरेकडे घरोघर पोहोचला. या जुन्या फाँटांची युक्ती अशी की आत साठविलेले अक्षर रोमनच असते. त्यावर केवळ नागरीचा मुखवटा चढविलेला असतो. कृतिदेवात ‘हिन्दी’ हा शब्द लिहिला तर संगणकाच्या पोटात एफ, जी, यू, एन, एच ही पाच रोमन अक्षरे जातात. डोळ्यास ‘हिन्दी’ दिसते. कानास मात्र ही रोमन अक्षरांची बाराखडी ऐकू येते. एका परिच्छेदाचे असे वाचन ऐकले तर कोणासही भोवळ यावी. नागरी अक्षरांस स्वतःचे क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१पासून उपलब्ध आहे, आणि तीत लिहिलेला मजकूर यंत्र सरळ वाचते, शोधते, दुसऱ्या भाषेत नेते. मराठीतही अशा मुखवट्याच्या फाँटांत अडकलेले कागद कचेऱ्याकचेऱ्यांतून पडलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मोडी वाचणारा मनुष्य न मिळाल्यामुळे जुनी दप्तरे मुकी झाली. हे नवे दप्तर तर आपल्या हयातीतच मुके होऊन बसले आहे.

युनिकोड आले म्हणजे सारे झाले असेही नाही. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच. पान कोणत्या भाषेत आहे हे संहितेत सांगितले नाही, तर यंत्र आपल्या समजुतीने एक आवाज निवडते, आणि जबलपूरच्या मराठी घरातील आजीबाईंस मराठी मजकूर हिंदी उच्चारांत ऐकावा लागतो. ‘चमचा’तील आणि ‘जाऊ’तील दंततालव्य उच्चार हिंदी आवाजास ठाऊक नाहीत. हा दोष प्राणघातक नव्हे, पण घासागणिक खडा लागावा तसा तो सतावतो. द्विभाषिक पानावर तर प्रत्येक तुकड्याची भाषा वेगळी सांगावी लागते.

कॅप्चा नावाच्या रखवालदाराविषयीही बोलले पाहिजे. आत येऊ पाहणारा मनुष्यच आहे, यंत्र नव्हे, याची खात्री करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे दाखवून ती ओळखावयास सांगण्याची ही रीत. यंत्रास वाचता येऊ नयेत म्हणूनच ती अक्षरे वाकडी केलेली. आणि दृष्टिहीनाचे डोळे तर यंत्रच! म्हणजे खरा मनुष्य बाहेर राहतो. यावर तोड म्हणून तीच अक्षरे ऐकविण्याची सोय केली जाते, आणि उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांसाठी ई-समितीने तिचाच आग्रह धरला. तरीही पडदावाचकाचा आवाज आणि कॅप्चाचा आवाज एकाच वेळी कानी पडून गोंधळ उडतो, आणि ज्याला दिसतही नाही व ऐकूही येत नाही त्याला दोन्ही मार्ग बंदच. ज्याला शक्य आहे त्याने हा रखवालदार ठेवूच नये, हे बरे.

मनुष्यच आहे की नाही हे पाहण्याचा आणखी एक प्रकार बँकांच्या व्यवहारांत आला. छायाचित्रकासमोर बसून डोळे मिचकवा, म्हणजे आपण जिवंत आहात हे सिद्ध होईल! आम्लहल्ल्यात पापण्या गमावलेल्या व्यक्तीने काय करावे, हा विचार ती रीत ठरविताना कोणीही केला नव्हता. हा प्रश्न ‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत संघ’ या खटल्यात, एका दृष्टिहीन वकिलाच्या याचिकेसह, सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. पापणी लवविण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवा, हा त्यांतील एक निर्देश होता. खंडपीठ तेच होते, ज्याने दोन महिन्यांपूर्वी मध्य प्रदेशाचा नियम रद्द केला होता.

येथवर दृष्टीचाच विचार झाला, कारण तेथे अडथळा सर्वांत उंच आहे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांत दृष्टीचे सुमारे ५० लाख, श्रवणाचेही तितकेच. ज्याच्या हातास कंप आहे त्याला माऊस धरवत नाही. त्याचा सारा व्यवहार कळफलकावरून झाला पाहिजे, आणि बोटाने दाबावयाची बटणे एकमेकांस चिकटलेली असता कामा नयेत. ज्याला ऐकू येत नाही त्याला चित्रफितीखाली मजकूर हवा. आणि जनगणनेत ज्यांची गणतीच नाही असा एक मोठा वर्ग म्हणजे वृद्ध. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे काढण्याची हल्लीची टूम तरुण डोळ्यांस नाजूक वाटते; साठीच्या पेन्शनरास ते कोरे पान दिसते. इमारतीच्या उतारासाठी एकास बारा हे प्रमाण जसे ठरलेले आहे, तसे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अंतरासाठीही किमान साडेचारास एक हे प्रमाण ठरलेले आहे. त्याचे मोजमाप क्षणार्धात होते. अर्ज भरताना मध्येच ‘आपली वेळ संपली’ म्हणून सारे भरलेले पुसून टाकणारी पाने तर धडधाकटांसही रडवितात.

ही प्रमाणे कोणा एकाच्या मर्जीची नव्हेत. जागतिक संकेतजालाच्या मानकांचे काम पाहणाऱ्या संघटनेने सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक सूत्रे १९९९ साली प्रसिद्ध केली, २००८ साली त्यांची नवी आवृत्ती निघाली आणि २०२३ साली आणखी भर पडली. मजकूर इंद्रियांस कळावा, हाताळता यावा, बुद्धीस समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावा, ही त्यांची चतुःसूत्री. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी अशी सूत्रे २००९मध्ये आली व पुढे दोनदा सुधारली गेली. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाने त्यांस कायद्याचे बळ द्यावयाचे योजले. पण नियमांची भाषा सल्ल्याची राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो आणि त्याखालील नियम ‘केल्यास बरे’ म्हणतो, हे चालणार नाही, असे ठरवून न्यायालयाने २०१७च्या नियमांतील १५(१) हा नियम बाद केला व बंधनकारक किमान मानके आखण्यास सांगितले. त्याच निकालात एक भेद स्पष्ट केलेला आहे, तो प्रत्येक अभियंत्याने पाठ करावा असा आहे. एखाद्याने येऊन अडचण सांगितल्यावर त्याच्यापुरती सोय करणे निराळे, आणि कोणीही येण्यापूर्वी रचनाच अशी करणे की सांगण्याची पाळी येऊ नये, हे निराळे.

जोत्यातच ओल राहिली तर भिंतीस कितीही रंग द्यावा, पोपडे निघतातच. संकेतस्थळ बांधून झाल्यावर त्यावर एक जादूचे बटण बसवून ते सुगम्य करून देऊ, असे सांगणारे विक्रेते आज पुष्कळ आहेत. अक्षरे मोठी करण्याची सोय ते देतात. पण ज्या कोष्टकाला मथळेच नाहीत त्याचा अर्थ ते बटण कोठून आणणार? दृष्टिहीनांचे स्वतःचे साधन आणि हे बटण यांची पुष्कळदा झटापटच होते. उलट, आरंभीच आराखड्यात ही गोष्ट घेतली, तर खर्चात फारसा फरक पडत नाही. परीक्षाही सोपी आहे. माऊस काढून ठेवावा आणि केवळ कळफलकावरून अर्ज भरून पाहावा. नंतर पडदा झाकून पडदावाचकाच्या आधारे तेच करावे. आणि शेवटी, हे सर्वांत महत्त्वाचे, रोज पडदावाचक वापरणारा एखादा विधीचा विद्यार्थी बोलावून, योग्य मानधन देऊन, त्याच्या हाती ते पान द्यावे. तो अडखळला तर त्यास सुचवू नये. कोठे अडला एवढेच लिहून घ्यावे.

इतके करूनही सहा महिन्यांत स्थळ पूर्ववत होते, असा अनुभव सरकारी कचेऱ्यांतून सर्वत्र येतो, आणि त्याचे कारण अभियंता नसतो. अभियंता वर्षातून एकदा येतो. कागद मात्र रोज चढविले जातात, आणि ते चढविणाऱ्या कारकुनास यातील काहीच कोणी सांगितलेले नसते. त्याला सांगावयाचे फार थोडे आहे. मसुदा युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. शीर्षकास शीर्षकाचा साचा द्यावा. छापून पुन्हा छायाप्रत काढू नये, तर मसुद्यावरूनच थेट पीडीएफ करावी आणि सही संगणकीय असावी. शिक्का लागलाच तर अक्षरांवर नव्हे, समासात घ्यावा. एका दुपारचे हे शिक्षण. ते झालेले असेल, तर आदल्या संध्याकाळी सात वाजता यादी लागते, आणि जबलपुरातील एखाद्या खोलीत बसलेला दृष्टिहीन वकील आपले नाव टंकलिखित करून शोधाची कळ दाबतो: दालन क्रमांक, अनुक्रमांक सदतीस, पक्षकार, विरुद्ध बाजूचे वकील. मग तो उद्याच्या युक्तिवादाकडे वळतो.